संशोधनाचे मोजमाप : लेखकाचे नाव आणि संदर्भोल्लेखांचे गणित

१९४४ साली ब्रिटनमधील 'अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स' या शोधपत्रिकेत अवघ्या चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले कोसंबी त्या वेळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. आनुवंशिकी हा त्यांचा विषय नव्हता. एका गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर प्रयोगात दिसणाऱ्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून कसे काढावे, या प्रश्नाचे गणिती उत्तर त्यांनी त्या निबंधात दिले. आज जगभरात गहू, मका, ज्वारी, भात अशा पिकांचे जनुकीय नकाशे तयार होतात, तेव्हा संगणक प्रणालीच्या यादीत 'कोसंबी' हा पर्याय असतो. छत्तीसगडला 'धानाचा कटोरा' म्हणतात. त्या धानाच्या गुणसूत्रांचे नकाशे काढतानाही हे सूत्र वापरात आहे.

मात्र हे सूत्र वापरणारा प्रत्येक संशोधक आपल्या निबंधाच्या शेवटी कोसंबींच्या मूळ लेखाचा निर्देश करतोच असे नाही. सूत्राचे नाव लिहिले की काम भागते. आता एखाद्याने संशोधकाचा प्रभाव केवळ अशा निर्देशांच्या संख्येवरून मोजायचे ठरविले, तर कोसंबींच्या वाट्याला त्यांच्या कामाच्या मानाने थोडेच येईल. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. गेल्या दीड-दोन दशकांत आपल्या देशात अध्यापकांची निवड व पदोन्नती, विद्यापीठांची क्रमवारी आणि संशोधनासाठी मिळणारे अनुदान या सर्वांशी अशी मोजणी जोडली गेली आहे. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-३ येथील डॉ. खूबचंद बघेल शासकीय पदव्युत्तर महाविद्यालयासारख्या संस्थेत शिकविणारा अध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ हे दोघेही कमीअधिक प्रमाणात याच फूटपट्टीने मोजले जातात. ही फूटपट्टी कोणी, कशासाठी तयार केली आणि ती नेमके काय मोजते, हे म्हणूनच समजून घेणे अगत्याचे आहे.

ग्रंथालयाच्या गरजेतून निघालेले शास्त्र

संशोधक नवा निबंध लिहितो तेव्हा ज्या जुन्या लिखाणाचा आधार घेतला त्याची नोंद करतो. या नोंदीला आपण संदर्भोल्लेख म्हणू. ही एका अर्थाने ऋणाची जाहीर कबुली असते. अशा नोंदी मोजाव्यात ही कल्पना प्रथम कोणाच्या गुणवत्तेचा निवाडा करण्यासाठी पुढे आली नव्हती. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अमेरिकी अभ्यासकांसमोर अगदी साधा व्यावहारिक प्रश्न होता : लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मर्यादित पैशात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यासाठी त्यांनी एका नामांकित शोधपत्रिकेच्या एका वर्षातील सर्व संदर्भोल्लेख मोजले आणि ज्या नियतकालिकांचा निर्देश अधिक, ती आधी घ्यावीत असा क्रम लावला.

त्याच्या एक वर्ष आधी, १९२६ मध्ये, आल्फ्रेड लोटका यांनी लेखकांची मोजणी केली होती. एकच निबंध लिहिणारे शंभर लेखक असतील, तर दोन निबंध लिहिणारे सुमारे पंचवीस आणि तीन लिहिणारे सुमारे अकरा असतात, असे त्यांना आढळले. म्हणजेच संख्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. थोडे लोक पुष्कळ लिहितात आणि पुष्कळ लोक एकदाच लिहून थांबतात, ही गोष्ट त्यानंतर अनेक क्षेत्रांत दिसून आली. भारतातही या विचाराला स्वतंत्र सुरुवात झाली होती. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली इंग्लंडमधील एका परिषदेत ग्रंथालयाच्या कामकाजाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली व तिला 'लायब्रेमेट्री' असे नाव दिले. 'बिब्लिओमेट्रिक्स', म्हणजे ग्रंथमिती, हे आज रूढ असलेले नाव अ‍ॅलन प्रिचर्ड यांनी १९६९ साली सुचविले.

या शास्त्राचे उद्योगात रूपांतर केले ते यूजीन गारफील्ड यांनी. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघत असे. एखाद्या जुन्या न्यायनिर्णयाचा आधार पुढे कोणकोणत्या निर्णयांत घेतला गेला, हे तीत पाहता येई. विज्ञानातही असे करता येईल, असे गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' साप्ताहिकात मांडले आणि १९६४ पासून त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची नियमितपणे काढण्यास सुरुवात केली. उद्देश शोध घेण्याचा होता. एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली याचा माग काढता यावा, इतकाच. आजची 'वेब ऑफ सायन्स' ही त्याच सूचीची वारस. २००४ साली 'स्कोपस' आणि 'गुगल स्कॉलर' या दोन सेवा तिच्या जोडीला आल्या.

दोन आकडे, दोन अर्थ

परीक्षार्थींना वारंवार भेटणारे आकडे दोन. त्यांपैकी प्रभाव गुणांक, म्हणजेच 'इम्पॅक्ट फॅक्टर', हा नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नसतो. समजा, एका नियतकालिकाने २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत मिळून ८० निबंध छापले आणि त्या निबंधांचे २०२५ या वर्षात एकूण १२० संदर्भोल्लेख झाले. तर २०२५ चा प्रभाव गुणांक १२० भागिले ८०, म्हणजे १.५. ही सरासरी आहे आणि सरासरीचा दोष तिच्यात पुरेपूर उतरलेला आहे. त्या १२० पैकी ७० उल्लेख दोनच निबंधांचे असू शकतात आणि निम्म्या निबंधांचा एकदाही उल्लेख झालेला नसू शकतो. अशा नियतकालिकात छापून आलेला अमुक निबंध चांगलाच असणार, असे प्रभाव गुणांकावरून म्हणणे म्हणजे गावाचे सरासरी उत्पन्न पाहून एखाद्या घरातील चुलीचा अंदाज बांधण्यासारखे आहे. शिवाय केवळ दोन वर्षांची खिडकी वैद्यकासारख्या वेगवान शाखेला सोयीची असली, तरी गणित किंवा इतिहास यांना ती अपुरी पडते.

दुसरा आकडा व्यक्तीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली 'एच निर्देशांक' सुचविला. संशोधकाचे निबंध संदर्भोल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावावेत. समजा उल्लेख २५, १२, ९, ६, ४, ३ व १ असे आहेत. चौथ्या निबंधाला सहा उल्लेख आहेत, म्हणजे निदान चार निबंधांना निदान चार उल्लेख मिळाले. पाचव्याला मात्र चारच, म्हणजे पाचापेक्षा कमी. म्हणून एच निर्देशांक चार. नुसती संख्या वाढवून किंवा एकाच गाजलेल्या निबंधाच्या बळावर हा आकडा फुगत नाही, हा त्याचा गुण. पण तोच दोषही आहे. ज्याने आयुष्यात एकच, परंतु शास्त्राची दिशा बदलणारा निबंध लिहिला, त्याचा एच निर्देशांक एकच राहतो. शिवाय तो वयाबरोबर केवळ वाढू शकतो, कमी होत नाही. तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलना करण्यास तो निरुपयोगी आहे.

कोसंबींचा धडा

आता पुन्हा कोसंबींकडे वळू, कारण मोजणीच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे उदाहरण या एका माणसाच्या कामात सापडते.

जनुकीय अंतराच्या सूत्राचा प्रश्न असा होता. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके बहुधा एकत्र पुढच्या पिढीत जातात, दूर असलेली अधिक वेळा वेगळी होतात. पण दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर पहिलीचा परिणाम दुसरीने पुसला जातो आणि प्रयोगात काहीच दिसत नाही. म्हणून दिसणारे प्रमाण खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात या अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या होत्या. प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्यास अडथळा येतो. कोसंबींनी तो अडथळा हिशेबात घेतला. पुनर्संयोगाचे प्रमाण २० टक्के असेल तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ एकके येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. हे सूत्र इतके अंगवळणी पडले की मूळ लेख शोधण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली. एखादे काम ज्ञानात पूर्णपणे मिसळून गेले की त्याचा निर्देश गळून पडतो, याकडे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी लक्ष वेधले होते. प्रभाव सर्वाधिक असतो नेमके तेव्हाच तो मोजणीतून निसटतो.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. १९४३ साली कोसंबींनी भारतीय गणित संस्थेच्या शोधपत्रिकेत 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा निबंध लिहिला. यादृच्छिक प्रक्रियांचे विघटन करण्याची जी पद्धत त्यात होती, ती पुढे फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समध्ये काम करणारे मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि 'कारहुनेन-लोएव विस्तार' या नावाने ती प्रतिमाप्रक्रिया व संकेतविज्ञानात सर्वत्र पोहोचली. कोसंबींचे नाव त्यात जोडण्याची प्रथा पुष्कळ उशिरा सुरू झाली आणि ती आजही सार्वत्रिक नाही. निबंध कोणत्या देशातील नियतकालिकात छापला गेला, यावर तो वाचला जाणे किती अवलंबून असते, हे येथे दिसते. मर्टन यांनीच १९६८ मध्ये दाखविल्याप्रमाणे ज्याच्याकडे नाव आहे त्यालाच अधिक श्रेय मिळत जाते.

तिसरी गोष्ट गमतीची, पण लेखकत्वाच्या दृष्टीने महत्त्वाची. १९३१-३२ च्या सुमारास कोसंबींनी अलाहाबादच्या एका शोधपत्रिकेत 'बूरबाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे सामान्यीकरण' असा निबंध प्रसिद्ध केला. हा बूरबाकी अस्तित्वातच नव्हता. अलीगढला असलेले फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या सूचनेवरून केलेली ती थट्टा होती. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी 'निकोला बूरबाकी' या सामूहिक टोपणनावाने गणिताचे ग्रंथ लिहिण्यास सुरुवात केली आणि ते नाव विसाव्या शतकातील गणितात अजरामर झाले. संदर्भोल्लेखांची सूची या कल्पित माणसालाही लेखक मानून त्याच्या खात्यावर उल्लेख जमा करील. कोसंबींनी अखेरच्या काळात स्वतःचे काही गणिती निबंध 'एस. ड्युक्रे' या टोपणनावाने छापले. ते आपोआप त्यांच्या खात्यावर जमा होणार नाहीत. सूची नावे मोजते, माणसे नव्हे.

आणि चौथी. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' या ग्रंथाने प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला नवे वळण दिले. पण सूचींचा मुख्य आधार नियतकालिके, त्यातही इंग्रजी नियतकालिके. ग्रंथांची नोंद तोकडी, भारतीय भाषांतील लिखाणाची त्याहून तोकडी. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात एखाद्या अभ्यासकाने मोडी कागदपत्रांच्या आधारे नवी माहिती उजेडात आणली आणि पुढच्या दहा मराठी अभ्यासकांनी तिचा आधार घेतला, तरी आंतरराष्ट्रीय सूचीत त्याच्या नावापुढे शून्य राहू शकते.

लेखक कोण?

संदर्भोल्लेख कोणाच्या नावे जमा करायचा, हा प्रश्न एकट्या लेखकाच्या काळात सोपा होता. २०१५ साली हिग्ज बोसॉन कणाच्या वस्तुमानाविषयी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी संशोधन नऊ पानांत आटोपले होते, बाकीची पाने नावांचीच. हे टोकाचे उदाहरण प्रामाणिक आहे, कारण त्या यंत्रावर खरोखरच हजारो लोकांनी काम केले होते. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. विभागप्रमुखाचे नाव रीत म्हणून, मित्राचे नाव परतफेड म्हणून घातले जाते आणि प्रयोगशाळेत राबलेल्या विद्यार्थ्याचे नाव कधी कधी वगळले जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने यासाठी चार अटी घातल्या आहेत : संकल्पनेत किंवा माहितीच्या विश्लेषणात भरीव सहभाग, मसुदा लिहिणे वा त्यात महत्त्वाची सुधारणा करणे, अंतिम मजकुरास संमती आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. चारही पूर्ण झाल्या तरच लेखक, अन्यथा आभारांत उल्लेख.

आपल्याकडील नियमांचे गणित या संदर्भात पाहण्याजोगे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनुसार सामायिक निबंधाचे ६० टक्के गुण प्रमुख लेखक व मार्गदर्शक यांच्यात आणि उरलेले ४० टक्के इतर सर्वांत समान वाटले जात. बेरीज नेहमी शंभर. २०१८ च्या विनियमांत ही पद्धत बदलली. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. निबंधाचे गुण २० धरले तर दोन लेखकांना मिळून २८ गुण होतात. सहा लेखक असतील तर प्रमुखाला १४ आणि इतर पाच जणांना प्रत्येकी ६, म्हणजे एकूण ४४. काम तेच, गुण दुपटीहून अधिक. सहकार्यास उत्तेजन मिळावे, हा यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु एक नाव वाढविल्याने कोणाचेही गुण कमी होत नसतील, तर नावे वाढविण्यास आडकाठी कोणती? जुनी पद्धत या बाबतीत अधिक न्याय्य होती असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नावांची सरमिसळ ही आणखी एक अडचण. ए. पाटील किंवा एस. जोशी या नावाचे किती संशोधक असतील याची कल्पना मराठी वाचकास सहज येईल. कोणी वडिलांचे नाव लिहितो, कोणी आद्याक्षर, विवाहानंतर काहींचे आडनाव बदलते. २०१२ पासून 'ऑर्किड' ही प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी कायम ओळख देणारी विनामूल्य व्यवस्था आहे. पीएच.डी.ची नोंदणी करतानाच हा क्रमांक घेणे हिताचे ठरते.

मोजणी आणि तिचे परिणाम

२००९ च्या विनियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध परीक्षित नियतकालिकात छापून येणे आवश्यक केले. २०१० पासून अध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांची जोड मिळाली. २०१८ च्या विनियमांत सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी किमान ७५, तर प्राध्यापकासाठी १२० संशोधन गुणांची अट होती आणि निबंधाचे गुण नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकानुसार वाढत. जो आकडा नियतकालिकाचा म्हणून वर सांगितला, तो अशा रीतीने व्यक्तीच्या पदरात पडू लागला. मागणी अचानक वाढली की पुरवठा करणारे निर्माण होतातच. पैसे घेऊन, कोणतेही परीक्षण न करता चार दिवसांत निबंध छापून देणाऱ्या 'भक्षक' नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. त्यांची झळ सर्वाधिक लागली ती ग्रंथालय तोकडे, प्रयोगशाळा अपुरी आणि अध्यापनाचा भार मोठा असलेल्या लहान गावांतील अध्यापकांना व त्यांच्या विद्यार्थ्यांना.

आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, परंतु विद्यापीठांच्या शिफारशींवरून तीतही अशी नियतकालिके शिरली. २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके वगळली. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी 'करंट सायन्स'मध्ये विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांनी सुचविलेल्या आणि आंतरराष्ट्रीय सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे 'केअर' नावाची नवी यादी २०१९ पासून अमलात आली आणि तिच्या कामात पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता. २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी निबंध प्रकाशनाची सक्ती काढली.

परदेशांतही हाच अनुभव आला. संशोधकाचे मूल्यमापन करताना प्रभाव गुणांकाचा आधार घेऊ नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या डिसेंबरातील बैठकीतून पुढे आला. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे मांडली. स्थानिक महत्त्वाच्या आणि स्थानिक भाषांतील संशोधनाला संरक्षण मिळावे, हे त्यांपैकी एक.

ग्रॉस आणि ग्रॉस यांचा १९२७ चा मूळ प्रश्न, लहान महाविद्यालयाने काय वाचावे हा, आपल्याकडे वेगळ्या मार्गाने सोडविण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना खुली करण्याची व्यवस्था आहे. गांधीनगरचे 'इन्फ्लिबनेट' केंद्र तिचे समन्वयन करते. राज्य शासनाची महाविद्यालये या योजनेच्या कक्षेत असल्याने भिलाई-३ च्या अध्यापकालाही एरवी केवळ मोठ्या संस्थांना परवडणारी नियतकालिके वाचता येण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

त्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आयोगाने 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक निवडण्यासाठी काही मार्गदर्शक निकष देण्यात आले आणि कोणते नियतकालिक ग्राह्य धरावयाचे याचा निर्णय संस्थांकडे सोपविण्यात आला. आजवर यादीत नाव आहे की नाही एवढेच पाहणाऱ्या महाविद्यालयीन समित्यांना आता निबंध आणि नियतकालिक उघडून पाहावे लागणार आहे.